शून्य सावलीच्या दिवशी बाटलीला सावली का पडली?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "13 मेला पुण्यात शून्य सावली दिवस असतो असं बातमीत वाचलं. मुलाला घेऊन दुपारी बरोबर 12 वाजता गच्चीवर गेले, स्टीलची पाण्याची बाटली उभी केली, तर चांगली दोन बोटं सावली पडली. मुलगा हिरमुसला. या बातम्या खऱ्या असतात का? आई म्हणते, सूर्य रोजच बाराला डोक्यावर येतो, त्यात विशेष ते काय? आणि दिल्लीला माझी बहीण असते, तिच्याकडे हा दिवस कधी?"

ताई, बातमी खरी आहे आणि तुम्ही पाहिलेली दोन बोटंही खरी आहेत. शून्य सावली म्हणजे भर मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच नाहीशी होणं. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात हा प्रयोग करून दाखवतो, आणि हिरमुसली मुलं सगळ्यात जास्त याच कारणाने भेटतात. कारण आपण सगळे दोन गोष्टी न तपासता धरून चालतो. घड्याळात बारा वाजले की सूर्याचेही बारा वाजले, ही एक. आणि तुमच्या आईंनी सांगितलेली दुसरी, की सूर्य रोजच डोक्यावर येतो. या दोन्ही बाजूला ठेवल्या की तुमच्या गच्चीवर काय झालं ते लख्ख कळतं.

आधी घड्याळ. आपली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे तिच्या पश्चिमेला साधारण 8.6 अंशांवर आहे. पृथ्वीला 1 अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे मिर्झापूरवरून निघालेला मध्यान्ह पुण्यात पोचायला 34-35 मिनिटं जातात. त्यात आणखी एक बारीक हिशेब आहे. पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या किंचित पुढे-मागे असतो. मेच्या मध्याला तो जवळपास 4 मिनिटं पुढे असतो. 35 मधून 4 वजा करा. पुण्यात त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो 12 वाजून 31 मिनिटांनी.

तुम्ही गच्चीवर गेलात तेव्हा त्याला अजून 31 मिनिटं बाकी होती. एवढ्या वेळात सूर्य आकाशात सात अंशांहून थोडा जास्त सरकतो. एक लिटरची सरळ स्टीलची बाटली 25 सेंटीमीटर उंच धरली तर तेवढ्या कलाला तिची सावली 3 सेंटीमीटरांपेक्षा जरा जास्त भरते. म्हणजे दोन बोटंच! तुम्ही वेळ सांगितली नसती तरी त्या दोन बोटांवरून मला ती काढता आली असती. मुलाला हे आवर्जून सांगा. त्याने जे पाहिलं ते बिनचूक होतं, फक्त अर्धा तास आधी पाहिलं.

मुंबईकरांना हा फरक एके काळी रोजच्या व्यवहारात माहीत होता. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत जुनी 'मुंबई वेळ' 1955 पर्यंत टिकून होती. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असायची. आज मुंबईत शून्य सावलीची वेळ 12:35 अशी छापून येते. जुन्या मुंबई वेळेने ते 11:56 झाले असते. तेव्हाच्या घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा जवळजवळ एकच होते. तुमच्या आईंच्या मागच्या पिढ्यांनी 'बाराला सूर्य डोक्यावर' म्हटलं ते उगाच नव्हे.

आता आईंचा दुसरा मुद्दा, रोज डोक्यावर येण्याचा. रोज दुपारी सूर्य दिवसातल्या सगळ्यात उंच जागी येतो आणि सावली सगळ्यात आखूड होते, इथवर आई अगदी बरोबर. पण उंच म्हणजे थेट माथ्यावर नव्हे. पुण्यात 1 मीटरची काठी उभी करून पाहा. 22 डिसेंबरला भर मध्यान्हीसुद्धा तिची सावली 90 सेंटीमीटर असते, काठीएवढीच जवळजवळ. मार्चच्या 20-21 तारखेला, दिवस-रात्र समान असताना, ती साडेतेहतीस सेंटीमीटरांवर येते. तिथून रोज थोडी थोडी आखडत 13-14 मेला बुंध्यात शिरते. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्रात हीच काठी म्हणजे शंकू. तो बारा अंगुळांचा धरायचा आणि विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली किती अंगुळं पडते ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा 4 अंगुळं निघते. नुसत्या सावलीवरून गावाचा अक्षांश सांगायची ही पद्धत मला आजही विलक्षण वाटते. ना दुर्बीण, ना कोष्टक, एक काठी आणि एक सपाट जागा.

यामागचं कारण शाळेत शिकलेलंच आहे. पृथ्वीची आस 23.4 अंश कललेली, म्हणून सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला तेवढाच वर आणि दक्षिणेला तेवढाच खाली जाऊन येतो. विषुववृत्तापासून तो त्या दिवशी किती अंशांवर आहे, ती त्याची क्रांती. क्रांती आणि तुमच्या गावाचा अक्षांश एकच झाले की मध्यान्ही सूर्य थेट माथ्यावर. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. सूर्य उत्तरेला जाताना मेमध्ये साडेअठरावरून जातो आणि परतताना जुलैअखेर पुन्हा तिथूनच येतो. म्हणून वर्षातून दोन दिवस.

पण ही नुसती पुण्याची गोष्ट नाही, आणि मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती इथे. मेमध्ये सूर्याची क्रांती रोज पाव अंशाच्या आसपास वाढते, आणि अक्षांशाचा 1 अंश म्हणजे जमिनीवर 111 किलोमीटर. म्हणजे शून्य सावलीची रेघ रोज 25 किलोमीटरांच्या आसपास उत्तरेकडे सरकते. मेच्या सुरुवातीला ती गोव्यातून आपल्याकडे येते, 3 तारखेच्या सुमाराला दोडामार्गात शिरते, 6 ला कोल्हापूर, 13 ला पुणे, 20 ला नाशिक, 26 ला नागपूर, आणि 30 च्या आसपास नंदुरबारमधल्या धडगाव-तोरणमाळच्या डोंगरांवर. आळंदीची पालखी जशी मुक्काम-दरमुक्काम पुढे जाते तशीच, फक्त दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि एकाच वेळी कोकण ते विदर्भ अख्ख्या रुंदीभर पसरून. चार आठवड्यांत ती सगळा महाराष्ट्र ओलांडते. राज्यातलं एकही गाव चुकत नाही.

यातूनच तारखांचा घोळ कळतो. एका बातमीत 13 मे, दुसरीत 14 मे, मुंबईचं कधी 15 तर कधी 16. दोन्ही बरोबर असू शकतात. एक तर वर्ष पुरतं 365 दिवसांचं नसतं, वर जवळपास पाव दिवस असतो, त्यामुळे लीप वर्षाच्या चक्रात तारीख एखाद्या दिवसाने पुढे-मागे होते. शिवाय शहरं मोठी आहेत. कात्रज आणि पिंपरी-चिंचवड यांच्यात उत्तर-दक्षिण अंतर वीसेक किलोमीटर, म्हणजे रेघेचा जवळजवळ एका दिवसाचा प्रवास. कुलाब्याला 15 तारीख योग्य असेल तर बोरिवलीला 16. पेपरात 'मुंबई' म्हणून छापलेली एकच तारीख म्हणजे शहराच्या मध्याचा अंदाज समजा.

आणि एक दिवस हुकला तर? काही बिघडत नाही. पाव अंशाने 1 मीटर काठीची सावली 4 मिलिमीटर होते, तुमच्या बाटलीची 1 मिलिमीटर. ही सावली डोळ्यांनी पकडताच येत नाही, कारण सूर्य म्हणजे बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड नेहमी पुसट असते. मीटरभर काठीच्या टोकाच्या सावलीला 9 मिलिमीटरांची धूसर झालर असते. तिच्या आत 4 मिलिमीटर कुठले शोधायचे? हे वाचाल तेव्हा 16 मे उजाडला असला तरी 12:31 ला बाटलीची सावली अडीच-तीन मिलिमीटरच असेल, मुलाला दाखवायला पुरेशी. तारखेची चूक तुम्हाला माफ आहे. वेळेची नाही, कारण दिवसाला पाव अंश सरकणारा सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं, हे जरा निवांत सांगतो, कारण बहुतेकांचा प्रयोग फसतो तो आकाशात नव्हे, जमिनीवर.

गच्ची सपाट दिसते, पण नसते. पावसाचं पाणी पन्हळीकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो, मीटरला एक सेंटीमीटर वगैरे. एवढ्या उताराने बाटली अर्ध्या अंशाहून जास्त कलते, म्हणजे सूर्याला जे सरकायला दोन दिवस लागतात तेवढा कल तुमच्या गच्चीनेच खाऊन टाकला. म्हणून वस्तू जमिनीवर तशीच ठेवू नका. एखादा पाट किंवा फळी घ्या, खाली कागदाच्या घड्या सारून ती पाणसळीने, म्हणजे बुडबुड्याच्या लेव्हलने, दोन्ही बाजूंनी सपाट करा आणि मग तिच्यावर वस्तू ठेवा. पाणसळ नसेल तर कुठल्याही गवंड्याकडे मिळते. मोबाईलमध्येही ती सोय असते, पण पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे मोबाईल फळीवर सपाट बसत नाही आणि आकडा चुकतो.

वस्तू कुठली घ्यायची यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वर निमुळती होणारी बाटली या प्रयोगाला वाईट, कारण मानेची सावली खालच्या फुगीर भागावरच पडते आणि सूर्य तीन-चार अंश बाजूला असला तरी जमिनीवर काही दिसत नाही. तुम्हाला शून्य सावली आधीच मिळाल्याचा भास होतो. पारदर्शक बाटलीत पाणी असेल तर ते भिंगासारखं ऊन गोळा करतं, त्या झळाळीत सावली हरवते. माणूसही कामाचा नाही, खांद्यांची सावली पावलांवर पडून राहते आणि ती 'शून्य' कधी होत नाही. सरळ उभ्या कडांची वस्तू हवी. स्टीलचा डबा, पत्र्याचा उभा टिन, घासून सपाट केलेल्या बुडाची काठी.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे नळी. प्लंबरकडे मिळते ती 1 इंची पांढरी पीव्हीसी पाइप, मीटरभर लांब. जमिनीपासून बोटभर वर राहील अशी तिला स्टुलाला बांधा, खाली पांढरा कागद ठेवा, आणि दोन बाजूंना ओळंबा सोडून ती खरोखर उभी आहे का ते पाहा. 12:20 ला कागदावर काळोख असतो, आतल्या भिंतीवर उजेडाची तिरकी पट्टी तेवढी दिसते, तीही पार खाली उतरलेली नसते. 12:27-28 च्या सुमाराला कागदाच्या एका कडेला उजेडाची कोर उगवलेली असते. मग ती फुगत जाते, अर्धी होते, पाऊण होते. मुलं आपोआप गप्प होतात. 12:31 ला पूर्ण गोल, नळीच्या तोंडाएवढा, चहूबाजूंनी सारखा. आणि जेमतेम दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने तो कापला जायला लागतो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो गोल डोळ्यांसमोर कुरतडला जाताना पाहणं वेगळं. सावली नाहीशी होण्यापेक्षा उजेड तळाला पोचणं हे मुलांना जास्त भिडतं, असा माझा अनुभव आहे.

गावाकडे खोल विहीर असेल तर हीच नळी निसर्गाने बांधून ठेवलेली आहे. एरवी वर्षभर ज्या तळाला ऊन लागत नाही तिथे त्या दुपारी काही मिनिटं ते थेट पोचतं. फक्त पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंब रोखून पाहू नका आणि मुलांना काठावरून वाकू देऊ नका. प्रतिबिंबाने डोळ्याला होणारी इजा तितकीच खरी असते.

आणखी एक. अॅपवर किंवा माझ्या 12:31 वर विश्वास ठेवायची गरजच नाही, मध्यान्हाची वेळ मुलाला स्वतः काढू द्या. सकाळी अकरा-साडेअकराला सपाट केलेल्या फळीवर खिळा उभा करा. त्याच्या सावलीच्या टोकावर पेन्सिलीने खूण करा, वेळ लिहा. खिळ्याच्या बुंध्यापासून त्या खुणेपर्यंत अंतर घेऊन कंपासने वर्तुळ काढा. सावली आखडत आत जाईल आणि दुपारी लांब होत होत पुन्हा वर्तुळाला येऊन भिडेल. तीही वेळ लिहा. समजा 11:16 आणि 1:46. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ 12:31, तोच तुमचा मध्यान्ह. शिवाय वर्तुळावरच्या त्या दोन खुणा रेघेने जोडल्या की पूर्व-पश्चिम दिशा मिळते, होकायंत्रापेक्षा खरी, कारण तिला इमारतीच्या लोखंडाचा त्रास नाही. यज्ञवेदी आखण्यासाठी हीच रीत कात्यायन शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. दोनअडीच हजार वर्षं जुनी युक्ती कोथरूडच्या गच्चीवर एका दुपारी जशीच्या तशी चालते.

इथवरचं एकदा सांगून टाकतो, म्हणजे गोंधळ नको: तारीख एक-दोन दिवस इकडे-तिकडे चालेल, वेळ मात्र दोन मिनिटांपलीकडे चुकवायची नाही, खालची जागा पाणसळीने सपाट करायची, आणि वस्तू सरळ उभ्या कडांची घ्यायची.

खरं सांगायचं तर त्या एका मिनिटापेक्षा मला त्यानंतरचे अडीच महिने जास्त नवलाचे वाटतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. 13-14 मेनंतर सूर्य थांबत नाही, आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो. म्हणजे 14 मेपासून 29 जुलैपर्यंत पुण्यात मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते! 21 जूनला मीटरभर काठीची सावली साडेआठ सेंटीमीटर, थेट दक्षिणेकडे. 'भारतात दुपारची सावली उत्तरेला' हे वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं आणि महाराष्ट्रात ते वर्षातले कितीतरी दिवस चुकीचं असतं. लक्षात का येत नाही? कारण यातला बराच काळ पावसाळी ढगांत जातो आणि सावलीच नसते. तुमच्या घराला उत्तरेची खिडकी असेल तर मात्र मेअखेरीला पाहा. वर्षभर ऊन न दिसलेल्या त्या खिडकीतून सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन आत येतं. जूनमध्ये पुण्याला सूर्य पूर्वेपासून 25 अंश उत्तरेकडे उगवतो, तेवढाच उत्तरेकडे कलून मावळतो. 'उत्तरेच्या बाजूला ऊन लागत नाही' म्हणून तिकडे लोणच्याच्या बरण्या ठेवणाऱ्यांनी एवढे अडीच महिने जपावं.

शून्य सावलीच्या दिवशीच याची चाहूल लागते. त्या दिवशी सकाळपासून खिळ्याच्या टोकाच्या सावलीचा माग काढत राहिलात तर ती दिवसभर पूर्व-पश्चिम रेघेच्या दक्षिणेलाच हिंडते. रेघेला स्पर्श फक्त मध्यान्ही, तोही थेट बुंध्यापाशी. हा वक्र एका कागदावर उतरवून ठेवा. डिसेंबरमध्ये तसाच दुसरा काढा, तो उत्तरेला वाकलेला निघेल. दोन्ही शेजारी ठेवले की ऋतू म्हणजे काय ते मुलाला वेगळं समजवायला लागत नाही.

अनेकजण विचारतात, सूर्य थेट माथ्यावर म्हणजे तोच दिवस सगळ्यात कडक उन्हाचा का? नाही. सूर्य माथ्यापासून 5 अंश सरकला तरी जमिनीला मिळणाऱ्या उन्हात अर्धा टक्कासुद्धा फरक पडत नाही. उष्मा ठरतो तो ढग, वारा, जमिनीतला ओलावा यांवर. पुण्यात एप्रिलअखेर काहिली जास्त असते, पुढे समुद्राकडून दमट वारे आणि ढग यायला लागतात. 21 जूनलाही सूर्य माथ्यापासून जेमतेम 5 अंशांवर असतो, पण पाऊस लागलेला असेल तर आपण छत्री शोधतो, टोपी नाही.

मेच्याच महिन्यातली आणखी एक सावली सांगण्याजोगी आहे. मक्केचा अक्षांश नागपूरच्या अगदी जवळचा, 21.4. तिथे काबाच्या थेट माथ्यावर सूर्य येतो तो 27-28 मेला आणि पुन्हा 15-16 जुलैला. मेमधला तो क्षण आपल्या घड्याळात दुपारी 2:48 चा. त्या मिनिटाला पुण्यात, मालेगावात, कुठेही उभ्या काठीची सावली पाहा. सावलीच्या टोकाकडून बुंध्याकडे जाणारी दिशा हीच मक्केची दिशा. किब्ला, म्हणजे नमाजासाठीची मक्केची दिशा, तपासायची ही जुनी, प्रचलित रीत आहे, आणि भूगोलाच्या दृष्टीने तितकीच सुंदर. एखाद्या जागेच्या माथ्यावर सूर्य आहे हे कळलं की अर्ध्या जगाला त्या जागेची दिशा सावलीतून वाचता येते.

जुलैची दुसरी संधीही टिपून ठेवा. पुण्यात 29-30 जुलै, पण वेळ बदलते, 12:41. तेव्हा सूर्य घड्याळाच्या सहा-साडेसहा मिनिटं मागे असतो. ढगांमुळे बहुतेक वर्षी ही संधी वाया जाते. तरी पाट सपाट करून ठेवा, ढगाला भोक पडायला दोन मिनिटं पुरतात.

आता तुमची बहीण. दिल्लीला शून्य सावली कधीच होत नाही. कर्कवृत्त 23.4 अंशांवर, गुजरात-मध्य प्रदेशातून पुढे त्रिपुरा-मिझोरामपर्यंत जातं, आणि सूर्य त्याच्या उत्तरेला जात नाही. उज्जैन त्याच्या किंचित दक्षिणेला आहे, म्हणून तिथल्या जयसिंहांच्या वेधशाळेत 21 जूनला शून्य सावली पाहायला लोक जमतात. दिल्ली पार 28.6 वर. पण बहीण दिल्लीला आहे म्हणजे तुमच्याकडे पुण्यातल्या बहुतेकांकडे नाही अशी एक सोय आहे. तुम्ही दोघी मिळून पृथ्वी मोजू शकता.

30 मेच्या आसपासचा, पावसाआधीचा एखादा स्वच्छ दिवस ठरवा. दोघींनीही बरोबर 1 मीटरची काठी ओळंब्याने उभी करायची. तिने दिल्लीत 12:19 ला सावली मोजायची, तुम्ही पुण्यात 12:32 ला. प्रत्येकीने आपापल्या मध्यान्ही, एकाच मिनिटाला नव्हे. तुमची सावली दक्षिणेला 5.7 सेंटीमीटर भरावी, तिची उत्तरेला 12 सेंटीमीटर. लहान कोनांना मीटरभर काठीवर पावणेदोन सेंटीमीटर म्हणजे 1 अंश हा हिशेब पुरतो. तुमचे झाले सव्वातीन अंश, तिचे पावणेसात-सात. सावल्या उलट्या बाजूंना आहेत म्हणून बेरीज करायची: साधारण 10.1. एकाच बाजूला पडल्या असत्या, जशा थंडीत पडतात, तर वजाबाकी केली असती. उत्तर तरीही 10.1 च आलं असतं, कारण सूर्य कुठेही असो, तुमच्या दोन काठ्यांमधला कोन बदलत नाही.

मग नकाशावर पुणे ते दिल्ली नुसतं उत्तर-दक्षिण अंतर काढा. रस्त्याचं नको, विमानाचंही नको, कारण दिल्ली थोडी पूर्वेलाही आहे. पुण्यातून सरळ वर उत्तरेला दिल्लीच्या आडव्या रेघेपर्यंत जायचं. ते 1120 किलोमीटरांच्या आसपास आहे. 10.1 अंशांना 1120, तर 360 अंशांना किती? 39,900 च्या आसपास येतं. पृथ्वीचा खरा घेर 40,000 किलोमीटर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनीसने अलेक्झांड्रिया आणि सायीन, म्हणजे आजचं अस्वान, यांच्या सावल्यांवरून हेच केलं होतं. तिथला कोन 7.2 अंश होता, वर्तुळाचा पन्नासावा भाग.

तुमचं उत्तर 38,000 आलं किंवा 42,000 आलं तरी हिरमुसू नका. अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे झाला की एवढा फरक पडतोच, आणि धूसर कडेमुळे तेवढा होतोच. सावलीची कड कुठे धरायची हे दोघींनी आधी फोनवर ठरवून घ्या: पूर्ण गडद भाग संपतो ती रेघ धरायची की धूसर भागाचा मध्य. माझ्या मते मध्य धरावा, कारण तोच सूर्याच्या तबकडीच्या केंद्राचा असतो. मोजलेले आकडे इथे टाकलेत तर हिशेब आपण मिळून करू. कुणाचा पाट सपाट नव्हता तेही त्यातून बहुधा कळेल.